सतराचा पंखा

खाडीकाठच्या गॅरेजात बोटींची मशीनं दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे मिस्त्रीण म्हणत. मिस्त्रीण म्हणजे खरं तर मिस्त्र्याची बायको, पण हिचं लग्नच झालं नव्हतं. मिस्त्री होते ते तिचे वडील. ते गेले तसे त्यांचे पाने-पकडी तिच्या हातात आले आणि धाकटा भाऊ गळ्यात पडला. हा भाऊ एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी. लग्न झालं, मुलगी झाली, तरी नाव काही सुटलं नाही.

भिंगरी दवाखान्याची बोट चालवायचा. खाडीच्या तोंडापलीकडच्या बेटावर दगडाची खाण होती, खाणीभोवती वस्ती होती. नर्सबाईंना तिकडे न्यायचं आणि पेशंट असला तर घेऊन यायचं, हे त्याचं काम. एकदा एक बाळंतीण बोट पोचायच्या आत गेली. त्या दिवशी घरी न जाता तो सरळ गॅरेजात आला.

"ताई, काहीही कर, पण हिला पळव."

मिस्त्रीण त्याच्याबरोबर बोटीत बसली आणि मशीन पूर्ण वेगात सोडायला लावलं. साठ घोड्यांचं मशीन त्या हलक्या बोटीवर नुसतं किंचाळत होतं. फेऱ्यांचा काटा लाल रेघेच्या पार गेला होता आणि वेग मात्र बेताचा.

"मशीनमध्ये खोट नाही. मागचा, पाण्यातला पंखा लहान पडतोय," ती म्हणाली. "तेराचा आहे. म्हणजे एका फेऱ्यात तेरा इंच पुढे सरकणारा. ही बोट त्याला जड जातच नाही, मग ते उगाच गरगरतं."

तिने पंधराचा लावून पाहिला, मग सतराचा. सतराच्या पंख्यावर काटा नेमका हवा तिथे येऊन थांबला आणि बोटीने पाणी सोडलं. नुसतं बूड टेकवून ती पळू लागली. भिंगरी लहान मुलासारखा हसत सुटला. मिस्त्रीणही हसली, पण काठाला लागल्यावर तिने त्याचं मनगट धरलं.

"हा पंखा दोन माणसांचा. फार तर तिघांचा. वजन भरलंस तर बोट वर उचलणार नाही. टॉप गिअरमध्ये घाट चढवल्यासारखं होईल. तशी वेळ आली तर हा काढून तेराचा लाव. बोटीतच ठेव तो. दहा मिनिटांचं काम आहे."

"दवाखान्याची बोट आहे, ताई. वऱ्हाडाची नाही."

पुढे कित्येक महिने सगळं छान चाललं. दोन अडलेल्या बायका वेळेवर दवाखान्यात पोचल्या, साप चावलेला एक माणूस वाचला. बाजारात लोक मिस्त्रिणीला थांबवून भावाचं कौतुक सांगत, आणि वरकरणी "पुरे हो" म्हणत ती ते पुन्हा ऐकून घेई.

मग एका दुपारी खाणीतला सुरुंग वेळेआधी उडाला. भिंगरी आणि नर्सबाई वाऱ्यासारखे गेले. परत येताना बोटीत चार जखमी होते. ओहोटी लागली होती. बाहेर पळणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा खाडीच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे बोट बुडाली. मासेमारी करणाऱ्यांनी नर्सबाईंना आणि दोन जखमींना बाहेर काढलं. भिंगरी दुसऱ्या दिवशी सापडला.

"मशीन ऐन वेळेला बंद पडलं म्हणे," असं गावभर झालं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण गॅरेजात दुरुस्तीला आलेली दोन मशीनं मालक मुकाट्याने परत घेऊन गेले.

बोट ओढून आणली तेव्हा मिस्त्रिणीने मशीन उतरवून गोड्या पाण्याने धुतलं आणि नटन् नट सुटा केला. कुठेही खोट नव्हती. मागे सतराचा पंखा होता. तेराचा बाकाखाली फडक्यात बांधलेला तसाच होता, ग्रीससुद्धा पुसलेलं नव्हतं. तिने ते फडकं परत बांधलं. मेलेल्या भावाचा तिला इतका राग आला, की त्या रागावरच ती पुढचे दिवस उभी राहिली. जेवली, झोपली, पाहुण्यांना चहा दिला, सगळं त्या रागावर.

एका सकाळी नर्सबाई आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. ठोकळ्यावर उभ्या केलेल्या मशीनकडे त्या बघत राहिल्या.

"बंद नव्हतं पडलं. शेवटपर्यंत चालू होतं," त्या म्हणाल्या. "नुसतं कण्हत होतं. बोटीचं नाक वर, मागचा भाग पाण्यात, आणि मागून लाट आली."

"माहीत आहे. त्याला सांगितलं होतं मी. पण ऐकेल तर भिंगरी कसला."

नर्सबाई मशीनकडून तिच्याकडे वळल्या.

"त्याने ऐकलं होतं. पाना हातात घेतला होता त्याने. दहा मिनिटं द्या म्हणाला. माझ्यासमोर एकाच्या मांडीतून रक्त वाहत होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं नाहीत."

मिस्त्रीण स्टुलावर बसली.

"दोन फेऱ्या करू, असंही म्हणाला," नर्सबाई पुढे म्हणाल्या. "मी विचारलं, मागे कोणाला ठेवू, तूच सांग. मग त्याने पाना ठेवला."

"आणि तो मांडीवाला?"

"बोट सुटतानाच गेला असावा. मला कळलं नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुमच्या भावजयीला मी सांगायला हवं."

"मी सांगते," मिस्त्रीण म्हणाली. राग गेला होता, आणि त्याच्या जागी धरायला काहीच नव्हतं.

भावजय ओट्याशी उभी होती. मिस्त्रिणीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पंख्याचं, वजनाचं, पान्याचं. भावजयीने गॅस बंद केला.

"म्हणजे बोट जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं?"

"जाईल की नाही, शंका होती."

"आणि तरी बसले."

"हो."

"मशीन बिघडलं असंच मी धरून चालले होते, वन्सं. पोरीलाही तेच सांगितलंय. ते बरं होतं. तुम्ही कशाला सांगितलंत?"

त्या आठवड्यातच भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली. मिस्त्रिणीने केलेले फोन तिने उचलले नाहीत.

दवाखान्याला दुसरा चालक मिळेना. बेटावर एक म्हातारा तापाने गेल्याची बातमी आली, तेव्हा मिस्त्रिणीने बोट दुरुस्त केली आणि स्वतःच चालवायला बसली. पंखा कोणता लावायचा, यावर तिने पूर्ण दिवस घालवला. तेराने वेळ जाई, सतराकडे बघवत नव्हतं. शेवटी पंधराचा लावला. रिकाम्या बोटीला तो अपुरा आणि भरल्या बोटीला जड, पण दोन्हीकडे थोडाथोडा चालणारा. याहून बरं उत्तर त्या मशीनपाशी नव्हतं.

नर्सबाई धक्क्यावर आल्या. बोटीत पाय टाकायला त्यांना वेळ लागला. मिस्त्रिणीने हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि खाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसल्या.

"परतताना किती जण असतील?" मिस्त्रिणीने विचारलं.

"तिथे गेल्यावर कळेल," नर्सबाई म्हणाल्या.

मिस्त्रिणीने मशीन सुरू केलं.