दाराबाहेरचा कोट

त्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरले. माझी नोकरी त्यांच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात, त्यामुळे जाता जाता मी तो त्यांच्या विभागामागच्या आवारात नेऊन दिला. बाबा घनकचरा व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवायचे. नात्यातलं कोणी विचारायचं, "कचऱ्यात दोन वर्षं शिकण्यासारखं असतं तरी काय?" बाबा म्हणायचे, "तुम्ही टाकाल तेवढं."

आवारात प्रात्यक्षिक चाललं होतं. वसतिगृहाच्या खानावळीतला कचरा ताडपत्रीवर ओतलेला. ढीग फावड्यानं सपाट करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं करत हाती उरेल तेवढा नमुना घेऊन निवडायला बसायचं. निवडताना प्रत्येक वस्तू सुटी करायची. बाटलीचं झाकण वेगळं, कागदाची टाचणी वेगळी. आणि कामाला येण्यासारखं जे असेल ते धुऊनच पुढे पाठवायचं. एक खरकटा डबा अख्ख्या गठ्ठ्याचा नास करतो, हे बाबांचं वाक्य आमच्या घरातही सगळ्यांना पाठ होतं.

बाबा ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसले होते. अंगात तो जाड निळा कोट, बाह्यांवर न निघणारे डाग.

"सर, याला हात लावायचा?" वहिनींनी विचारलं. मुलं मोठी झाल्यावर त्या पुन्हा शिकायला आल्या होत्या. सगळा वर्ग त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून बाबाही.

"हात लावण्यासाठीच प्रवेश दिलाय तुम्हाला. नाक तेवढं घरी ठेवून यायचं."

"घरी तर नाकंच नाकं आहेत, सर. सासूबाई रोज मला दारातच हुंगतात."

"आमच्याकडेही तीच पद्धत आहे," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले.

वर्गातला एक उंच, किडकिडीत मुलगा वजन केल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नाही. त्याचं नाव काटा पडलं होतं. त्यानं माझ्या हातातून चष्मा घेतला. "ताई, हा कुठल्या ढिगात? काच की धातू?"

"काचा वेगळ्या, दांड्या वेगळ्या," बाबा म्हणाले. "पण मी गेल्यावर. आत्ता दे इकडे, मला काही दिसत नाहीये."

सगळे हसले. मीही.

संध्याकाळी बेल वाजायच्या आधीच आईनं आतून आवाज दिला, "अहो, कोट बाहेर." हा रोजचाच नियम. दाराशेजारी भिंतीत एक खिळा होता. बाबा त्यावर कोट अडकवायचे आणि कोणाच्या तरी घरी पहिल्यांदाच आल्यासारखे अंग चोरून आत यायचे, थेट न्हाणीघरात.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक नव्हतं, म्हणून कोट खिळ्यावरच राहिला. वर्गात शिकवता शिकवता ते खुर्चीत बसले. मुलांना वाटलं, काहीतरी आठवतायत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माणसं आली, बसली, गेली. कोट दाराबाहेर तसाच होता. तो आत आणायचं आईला सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही. रोज कामाला निघताना मी दार ओढून घ्यायचे आणि कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी राहायचे. आंबलेली सालं, भिजलेला पुठ्ठा, फिनेल, आणि या सगळ्याच्या तळाशी बाबा. मी जन्मभर पुस्तकांत राहिले. दुःखावर लिहिलेलं बरंच वाचलं आहे. त्यातलं एक वाक्यही त्या कॉलरपाशी टिकलं नाही. पण वास विरत चालला होता. म्हणून मी जपून घेऊ लागले. एखादा दिवस नुसता हात लावून पुढे जायचे.

बाबांच्या खोलीत मात्र आम्हा दोघींनाही पाऊल टाकवत नव्हतं. हे वहिनींच्या लक्षात आलं. "ताई, सरांची खोली आम्ही आवरतो," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं नाही होणार, आणि आम्हाला तेवढंच तर येतं." मी हो म्हणाले. खोलीतलं सगळं आवरा म्हणाले. कोट खोलीत नव्हता, त्यामुळे त्याचा विचारच मनात आला नाही.

पेन्शनच्या कामासाठी आई आणि मी दिवसभर बाहेर होतो. परत आलो तर बाहेरच्या खोलीत ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर बाबा, वर्गवारी करून. कागदांचे गठ्ठे, टाचण्या काढलेले. पट्ट्यांपासून सोडवलेली घड्याळं. धुऊन घडी घातलेले सदरे, आणि त्यांची बटणं एका बरणीत. चष्म्याच्या काचा एकीकडे, दांड्या दुसरीकडे.

"सर म्हणाले होते ना," काटा म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "काचा वेगळ्या, दांड्या वेगळ्या."

"म्हणाले होते," मी म्हणाले.

"आणि हा बाहेरच राहून गेला होता." वहिनींनी गठ्ठ्यामागून कोट काढला. इस्त्रीची घडी अगदी धारदार. "सकाळीच घरी नेला. फार वास होता हो, ताई. पुन्हा पुन्हा धुतला, तेव्हा कुठे गेला. डागही जवळजवळ निघालेत बघा."

मी कोट घेतला. साबणाचा वास. तो कोणाचाही कोट असू शकला असता.

दोघं माझ्याकडे बघत होती. नवीन मार्गदर्शकांनी दोघांनाही प्रबंधाचा विषय बदलायला सांगितला होता. सर असते तर, हे दोघंही मघापासून बोलून दाखवत नव्हती. दिवसभर धुण्याच्या पाण्यात राहून वहिनींच्या बोटांची कातडी सुरकुतली होती.

"बरोबर झालं ना, ताई?" काट्यानं विचारलं. तोंडी परीक्षेत विचारतात तसं.

रागावण्यासारखं काही सापडतंय का, ते मी शोधलं. बाबांनी शिकवलेली एकही पायरी त्यांनी गाळली नव्हती.

"बरोबर झालं," मी म्हणाले. "चहा घेऊन जा."

ती दोघं गेल्यावर आई ताडपत्रीपाशी बसली. दांड्या उचलल्या, काचा उचलल्या, जोडता येतात का ते पाहिलं. बारीक स्क्रू कुठल्या ढिगात गेला ते कळेना. मग ती उठली. माझ्या हातातला स्वच्छ कोट तिनं घेतला, दार उघडलं, तो बाहेरच्या खिळ्यावर अडकवला आणि हात पुसत आत आली. सवयीनं. आपण काय केलं ते तिच्या मागाहून लक्षात आलं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

मी दारापाशी गेले. जिन्यात कोणी नव्हतं. कोट वाऱ्यानं भिंतीला घासत होता. इतकी वर्षं हा नियम आईचा होता, आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली मी तो रोज ऐकत आले होते.

मी दार पूर्ण उघडून धरलं.

"बाबा," मी म्हणाले, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "कोट घालूनच या आत."