जबड्यात बसलेली सवत

आमच्या शिवणखोलीतल्या बाराही मशिनी बंद होत्या आणि ताईत खपवायला आलेल्या एका बुवाकडे बारा बायका डोळे फाडून बघत होत्या. मी कापड बेतणारा. कात्री हातात घेऊन नुसता चरफडत होतो.

बुवानं डोळे मिटले. "या खोलीत तिशीच्या आतली एक बाई आहे. तिचा जबडा बोलतो!"

झालं! सगळ्या वळल्या त्या मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या धाकटीकडे, आमच्यातल्या सर्वांत लहान बाईकडे. घास चावताना तिच्या कानापाशी कट्ट वाजायचं आणि दुखायचं. काजं-बटणं करणारी तिची सासू घाबरून म्हणाली, "माझ्या लेकाची पहिली बायको तर नव्हे? वारली बिचारी."

बुवानं शब्द वरच्यावर झेलला. "तीच! सवत बसलीय जबड्यात. हा ताईत बांध. एकवीस दिवस मौन, पातळ खाणं, दातानं दोरा तोडायचा नाही. आणि बाळाला जवळ घेऊ नकोस, त्याच्या अंगात शिरेल!"

सासूनं बाळ ओढूनच घेतलं. "आई, तो अजून अंगावर पितो हो!" धाकटी रडू लागली. मी संतापून कात्री टेबलावर आपटली.

तेवढ्यात दवाखान्याचे एप्रन न्यायला आलेली दातांची डॉक्टर दारातूनच म्हणाली, "हा चमत्कार मीही करते. कानांपुढं बोटं ठेवा. तोंड हळूच उघडा, मिटा."

कट्ट. कट्ट. चौघींचे जबडे वाजले.

"हे कितीतरी जणांना असतं," डॉक्टर म्हणाली. "बायकांना जास्त, त्यातही विशी ते चाळिशीत. बायकांनी भरलेल्या खोलीत हे ओळखायला अंतर्ज्ञान कशाला?"

"माझ्या ताईतानं गुण येतो!" बुवा खवळला.

"गप्प बसलं, मऊ खाल्लं, दोरा तोडला नाही, की सांध्याला विश्रांती मिळते. बहुतेकांचं तेवढ्यानंच बरं होतं. गुण विश्रांतीचा आणि नाव तुमच्या ताईताचं! राहिलंच दुखत, तर हिला माझ्याकडे पाठवा."

मी मान खाली घातली. झटपट दातानं दोरा तोडणारीला मीच शाबासकी देत आलो होतो.

सासूचं बोट अजून कानापाशीच होतं. वाजलेल्या चौघींत तीही होती.

"मावशी," मी विचारलं, "तुमच्यात कोण बसलंय?"

तिनं माझ्याकडे जळजळीत पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं. कट्ट! मग मुकाट्यानं बाळ धाकटीच्या मांडीवर ठेवलं. वळून बघतो तर बुवा पिशवीसकट पसार.

आता प्रत्येक मशिनीला मी एक छोटी कात्री बांधलीय. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, आईपासून लेकरू तोडायला सांगणारा कोणी भेटला, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, "हे तुला कशावरून कळलं?"