चाक फिरत होतं का

सायकलचं पुढचं चाक इंग्रजी आठासारखं वाकलेलं होतं. म्हणून नियमकाकूंनी हँडल छातीशी धरून पुढची बाजू उचलली आणि मागच्या चाकावर सायकल कचेरीच्या जिन्यावरून एकेक पायरी वर ओढायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर दम खायला टेकल्या, तेवढ्यात वरून शिपाई धावत आला.

"काकू, सायकल वर नेता येत नाही. खाली लावा."

"सायकल नाही ही. साक्षीदार आहे."

"साक्षीदाराला चाकं असतात होय?"

"समोरच्याला चार आहेत, आमच्याला दोनच. त्यातलं एक मोडलंय. धरा मागून."

शिपायानं इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कॅरिअर धरलं.

नियमकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सायकलदुरुस्ती करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला सगळे नियमकाका म्हणत, त्याचंच शेपूट त्यांना चिकटलेलं. नुसतं पंक्चर काढायला आलेली सायकलसुद्धा घंटी वाजवून, दोन्ही ब्रेक दाबून, मागचा लाल रिफ्लेक्टर पुसून बघितल्याशिवाय परत द्यायची नाही, हा चाळीस वर्षांचा खाक्या. घंटी वाजत नसेल तर, "काय, तोंडानं ओरडत जाणार का?" असं गिऱ्हाइकालाच सुनावायचे. स्वतः घरापासून दुकानापर्यंत जायचे तेही हेल्मेट घालून. लोक हसायचे. तीन महिन्यांपूर्वी संध्याकाळी चौकात टेम्पोनं त्यांना उडवलं, हेल्मेट फुटलं आणि डोकं शाबूत राहिलं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

हसले ते नंतर. पंचनाम्यात लिहून आलं की सायकलचा मागचा दिवा बंद होता, चूक सायकलवाल्याची. दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या शटरवर कोणीतरी खडूनं लिहून गेलं, 'दिव्याखाली अंधार'. काकू फडकं घेऊन पुसायला निघाल्या आणि अर्ध्या वाटेतून परत आल्या. ज्याच्या नावानं लिहिलंय त्यानंच येऊन पुसावं, असं त्यांना वाटलं.

पण तो येईल तर ना. पायाचं हाड जुळलं, डॉक्टरांनी कुबडी घेऊन चालायला सांगितलं, तरी नियमकाका खिडकीपाशी बसून राहिले. अपघाताची ती संध्याकाळ त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती. त्यांच्या सायकलचे दिवे डायनॅमोवर चालायचे. मागच्या टायरला टेकवायचा, चाकाबरोबर घासून फिरला की पुढचा आणि मागचा दिवा लागायचा. तो आपण त्या दिवशी टेकवला होता का, हे ते दिवसातून दहा वेळा विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे.

"नसेल टेकवला. म्हातारा झालो."

"टेकवलेलाच होता. सायकल घरी आली तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"कोणीतरी नंतर टेकवला असेल. ही किल्ली घे. कोणी घेत असेल तर देऊन टाक दुकान."

काकूंनी किल्ली घेतली. दुकान काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी पंचनाम्यावर हरकत नोंदवली.

चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीत टेम्पोवाला आधीच येऊन बसला होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांत धरलेले हात. काकूंकडे त्यानं एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. काकूंनी सायकल साहेबांच्या टेबलासमोर स्टँडवर उभी केली. मागचं चाक अधांतरी झालं. फरशीवर चिखलाचं एक ढेकूळ पडलं, ते साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सोडून दिलं.

"बाई, तुमचं म्हणणं काय आहे?"

"दिवा चालू होता."

"हे म्हणतात, नव्हता. पुढे चाललेली सायकल एकदम मधे घुसली आणि मागे दिवा नव्हता म्हणून दिसली नाही."

"मागे रिफ्लेक्टर आहे, तो बघा. हा स्वतः उजेड देत नाही, मागच्यानं टाकलेला परत करतो. यांच्या गाडीचे दिवे लागले असते तर दिसला असता."

साहेबांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं.

"दिवे लावले होते का?"

"संध्याकाळच होती साहेब. अंधार कुठे पडला होता?"

"अंधार नव्हता, तर आमच्या दिव्यावाचून तुमचं काय अडलं?" काकू म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला शिपाई खोकला. साहेबांनी हात वर केला.

"त्यांनी दिवे लावले नाहीत ती त्यांची चूक, ती मी लिहितो. पण त्यानं तुमची चूक पुसली जात नाही. सूर्य मावळल्यावर सायकलला मागे दिवा लागतो, कायदा आहे. तुमच्या घरात तरी हे सांगायला नको."

ते शेवटचं वाक्य काकूंना झोंबलं. वाकून त्यांनी डायनॅमो टायरला टेकवला, पेडल हातात धरलं आणि गरागरा फिरवलं. घर्रर्र आवाज झाला आणि मागचा दिवा पेटला. भर दुपारीही त्याचा लाल ठिपका फायलींच्या कपाटावर स्पष्ट पडला. काकू फिरवत राहिल्या. घामानं बांगड्या मनगटाला चिकटल्या तरी थांबल्या नाहीत. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या हातून एक तार कधी सैल राहिली नाही, हे या माणसाला दिसू दे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"पुरे बाई. दिवा चालतो, मान्य. पण त्या वेळी चालू होता हे कशावरून?"

काकूंनी हात सोडला. चाक आपलं आपण फिरत राहिलं, मग मंदावलं. ठिपका तांबडा झाला, विटकरी झाला आणि गेला.

"हे बघा!" टेम्पोवाला एकदम उठून उभा राहिला. "साहेब, शपथेवर सांगतो, मी खोटं बोलत नाही. तेव्हा असाच होता तो. अगदी असाच, काळा. मी धडकायच्या आधी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

काकूंचा हात पेडलवरच राहिला. या विझण्यावरून घरात किती वर्षं भांडण होतं. सेलवर चालणारा दिवा लावा, असं त्या म्हणायच्या. सिग्नलला उभे राहिलात की हा तुमचा विझतो. काकांचं उत्तर ठरलेलं. सेल संपतात, पाय संपत नाहीत. आता ते भांडण इथे, परक्या माणसाच्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं होतं. त्यांना रडू फुटेल असं वाटलं. मग त्यांनी त्या थांबलेल्या चाकाकडे पाहिलं, पुन्हा त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कंबर सरळ केली.

"साहेब, हे खोटं बोलत नाहीत."

"म्हणजे?"

"दिवा बंद होता. यांनी स्वतः पाहिलाय. मला मान्य आहे, लिहून घ्या."

"मग तुमची हरकत कशावर राहिली, बाई?"

"ती राहू द्या. सायकल घरी आली तेव्हा डायनॅमो टेकवलेलाच होता. आता यांना एकच विचारा. चाक फिरत होतं का?"

साहेबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. खुर्चीतून उठून ते सायकलपाशी आले. एका बोटानं त्यांनी पेडल ढकललं. दिवा लागला. चाक हातानं धरलं. दिवा गेला. परत टेबलाशी जाऊन त्यांनी जबाबाचा कागद उलटा केला, सुलटा केला आणि मोठ्यानं वाचला.

"'सायकल जोरात पुढे चालली होती, एकदम मधे घुसली.' तुमचंच ना हे?"

टेम्पोवाला खाली बसला.

"उत्तर द्या. चालली होती का?"

"चौकात वळायचं होतं मला," तो म्हणाला. "उशीर झाला होता. ते सिग्नलला पांढऱ्या रेषेवर उभे होते. मला वाटलं, कडेनं निघून जाईन."

साहेबांनी दोन ओळी खोडल्या आणि नवी ओळ लिहिली. काकूंनी ती वाचून दाखवायला लावली, एकदा नाही, दोनदा. 'सायकलस्वार नियमाप्रमाणे रेषेवर थांबलेला होता.'

"पण बाई," साहेब सही करता करता म्हणाले, "थांबल्यावरही मागचा दिवा लागलाच पाहिजे. नवऱ्याला सांगा."

"ते मी घरी बघते. लग्नापासून तेच बघतेय."

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. नियमकाका खिडकीतच होते. काकूंना सायकल ओढत येताना त्यांनी पाहिलंच असणार, पण विचारलं ते काकूंचं आत येऊन पाणी पिऊन झाल्यावर.

"काय लिहिलं?"

"रेषेवर थांबलेला होता, असं लिहिलंय."

त्यांचा हात खिडकीच्या गजावर गेला आणि तिथेच राहिला.

"आणि दिवा?"

"बंद होता."

"म्हणजे टेकवला नव्हता मी."

"टेकवला होतात हो. थांबलात म्हणून विझला. वीस वर्षं काय सांगत होते मी?"

काकांनी मान खाली घातली. काकूंनी सकाळपासून मनाशी धरलेला सगळा राग आता तोंडाशी आला होता, पण त्या मानेकडे पाहून त्यांना बोलवेना. बाहेर कोणीतरी घंटी वाजवत गेलं.

"दुकानात वरच्या फळीवर," काका म्हणाले, "ट्यूबांच्या मागे एक निळा डबा आहे. त्यात सेलचा दिवा आहे."

"कधी आणलात?"

"तू पहिल्यांदा भांडलीस, त्याच आठवड्यात."

"आणि लावला नाहीत?"

"लावला असता तर तू जिंकली असतीस."

काकूंना हसावं की हातातला तांब्या फेकून मारावा हे कळेना. त्यांनी तांब्या जपून खाली ठेवला.

"घेऊन ये तो," काका म्हणाले.

"मी नाही जायची. शटर उघडत नाही माझ्यानं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात ग्रीसनं काळे, कोपरावर खरचटलेलं.

"कचेरीचे दोन मजले सायकल चढवलीस, आणि शटर उघडत नाही?"

"नाही उघडत."

भिंतीला टेकवलेली कुबडी काकांनी ओढून घेतली, दोनदा बगलेत नीट बसवली आणि उठून उभे राहिले. दारापाशी गेल्यावर त्यांनी खुंटीवरचं जुनं हेल्मेट चाचपलं, फुटलेलं आहे हे आठवून हात मागे घेतला.

"शटरवर ते अजून लिहिलेलं आहे?"

"आहे. मी हात लावला नाही."

"किल्ली दे," काका म्हणाले. "आणि एक फडकं ओलं करून दे."