भिंतीकडची बाजू

“बाबा, माझ्या पाटीची तुम्हाला लाज वाटते का?”

विचारलं तिने एकदाचं! वर्गातल्या चष्मिष आणि लंबूने पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. तिचे बाबा रोज संध्याकाळी पिकअप लावताना पाटी रंगवलेली बाजू भिंतीला अगदी चिकटवतात, हे दोघींनी बरोब्बर टिपलं होतं. मग त्या बाजूचं दार उघडायचं नाही आणि बाबा शेजारच्या सीटवरून सरकत, गिअरवर गुडघा आपटत, कण्हत उतरायचे.

आणि पाटी तर काय झकास होती! सुट्टीत चार दिवस उन्हात बसून तिने रंगवलेली. पिवळ्यावर लाल, अक्षरांना सावलीसुद्धा: ‘फरशी बसवून मिळेल. सर्व मशीन स्वतःची.’ ती पाहूनच बाईंनी तिला शाळेचा मोठा फळा लिहायला दिला, आणि तेव्हापासून ही पोरगी वर्गात मान ताठ करून चालायला लागली होती.

बाबा पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी पेटीचा वाकलेला कोयंडा ठोकून सरळ करत होते. हातोडी थांबली.

“लाज? वेडी का तू! भिंतीला लावली की पेटी उघडता येत नाही कुणाला.”

“पण पेटी तर मागून उघडते.”

बाबा पुन्हा कोयंडा ठोकायला लागले. उगाचच, जोरात. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती.

“सांगून टाका ना. लहान आहे का ती आता?”

“तू गप गं.”

“का गप? दोन महिन्यांत तीनदा हात घातला चोरांनी. गॅरेजवाले काका पहिल्याच खेपेला म्हणाले, आत काय आहे ते तुम्हीच बाहेर लिहून ठेवलंय. पुसायला थिनरही देत होते. तर हे म्हणे, पोरीने जीव ओतलाय, हात लावायचा नाही! म्हणून रोज भिंतीआड लपवतात.”

तिने बोटांवर मोजलं. पहिल्यांदा पॉलिशचं मशीन गेलं, मग ड्रिल. काल तर भर दुपारी, बाबा कामावर जेवत असताना चोर पेटी उचकटायला बघत होते. तिथे आडोशाला भिंत कुठली? कोणीतरी ओरडलं म्हणून फरशी कापायचं मशीन तेवढं वाचलं. तेही गेलं की बाबा हातावर हात ठेवून घरी बसणार.

भिंत आणि गाडीच्या फटीत तिने हात घातला. अक्षरं बोटांना लागली, गुळगुळीत. सावलीसकट.

“रविवारी पाटी पुसणार मी,” ती म्हणाली.

“अगं, नुसती खालची ओळ पुसू...”

“नाही, बाबा. फरशीवाला म्हटलं की मशीन आलंच. सगळी पुसणार. थिनर मीच मागून आणणार, घासणार पण मीच. तुम्ही दोघांनी मध्ये पडायचं नाही.”