सहीपुरते साहेब

सकाळपासून मानांकनाचा तपासनीस बाहेरच्या खोलीत बसून फाइली उपसत होता आणि मोठ्या बाई त्याला चहा नेऊन नेऊन थकल्या होत्या. वकिलाच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या बाईला माणसाच्या कपाळावरच्या आठीवरून निकाल कळतो. ह्याच्या कपाळावर दोन आठ्या होत्या.

ऑफिसकडे चांगल्या कारभाराचं मानांकन असेल, तरच गरीब अशिलांची, सरकारी खर्चाने चालणारी कामं मिळणार होती आणि ऑफिस जगत होतं ते त्याच कामांवर. मानांकन गेलं की साहेब घरी, टायपिस्ट घरी आणि छप्पन्न वर्षांच्या बाईही घरी. ह्या वयात त्यांना दारात तरी कोण उभं करणार?

नियम असा, की प्रत्येक चालू फाइल दर महिन्याला वरिष्ठ वकिलाने उघडून तपासायची आणि तपासपत्रकावर सही करायची. ऑफिसात वरिष्ठ म्हणा, कनिष्ठ म्हणा, वकील एकच. साहेबांना कोर्टातून सवड नव्हती आणि सवड मिळाली तर इच्छा नव्हती. मग गेल्या आठवड्यात बाईंनी एका बैठकीत वर्षभराची पत्रकं टाइप केली आणि साहेबांनी फोनवर बोलता बोलता त्यांच्यावर सह्या ठोकल्या. असल्या कामात साहेबांचा हात मोठा चपळ.

दुपारी तपासनिसाने दोघांना बोलावलं. त्याच्यासमोर एकाच फाइलीतले दोन कागद होते. पहिला कोर्टाला दिलेला अर्ज: वकिलांचं ऑपरेशन झालं आहे, ते इस्पितळात आहेत, पुढची तारीख मिळावी. दुसरं तपासपत्रक: त्याच दिवशी साहेबांनी ऑफिसात फाइल तपासली, सर्व ठीक.

दोन्ही कागद बाईंनीच टाइप केले होते.

"पित्ताशय काढताना फाइल सोबत नेली होती का?" तपासनिसाने विचारलं. तो हसत नव्हता.

साहेबांनी घसा खाकरला. "बाईंकडून तारखेची गडबड झाली असेल. वय झालं त्यांचं."

बाईंना ते फार लागलं. रागही आला, पण राग धरायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

"गडबड नाही," त्या म्हणाल्या. "पत्रकं खोटी आहेत. सगळीच."

साहेबांनी डोळे वटारले. त्यांच्याकडे आता कुणी बघत नव्हतं.

"मग फाइली तपासतं कोण?" तपासनिसाने विचारलं.

"मी. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बघा."

त्याने दुसऱ्या एका फाइलीचा पुठ्ठा उलटला. आत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'निकाल अशिलाला कळवायचा राहिला होता, आज कळवला.' त्याखाली: 'अपिलाची मुदत सोमवारी संपते. साहेब इस्पितळात. शेजारच्या वकिलांकडून दाखल करवून घेतलं.' तो एकामागून एक पुठ्ठे उलटत गेला. इतक्या वर्षांत ते अक्षर कुणी वाचलं नव्हतं. बाईंना रडू आल्यासारखं झालं.

"काम चोख आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही वकील नाही. हे नियमात बसत नाही."

खोट्या पत्रकांचा शेरा मारून त्याने सहा आठवड्यांची मुदत दिली. त्या मुदतीत साहेबांनी स्वतः प्रत्येक फाइल तपासायची, बाईंनी तपासणीची एकही नोंद करायची नाही. मग तो पुन्हा येणार आणि मानांकनाचं काय ते ठरवणार.

तो जिना उतरला तसे साहेब खुर्चीत पसरले. "वाचलो! बाई, तुम्ही नेहमीसारखं बघत जा. फक्त नोंदी वेगळ्या कागदावर करा. मी माझ्या अक्षरात उतरवून घेईन."

बाहेरच्या खोलीत दोन खेपा घालून बाईंनी त्रेचाळीस फाइली आणल्या, टेबलावर रचल्या आणि वरची उघडून साहेबांपुढे सरकवली.

साहेबांनी पेन काढलं. "कुठे करू सही?"

"आधी वाचा."

"बाई, दमलोय हो मी."

"मीही."

साहेबांसमोर त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी अशिलाची खुर्ची ओढली आणि बसल्या. नाइलाजाने साहेबांनी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचलं.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं तुम्ही तिचे वकील आहात," बाई म्हणाल्या. "पुढचं पान."