सहा सुनांची यादी

नवऱ्यामागे कॅनडात आलेल्या बायका मला बऱ्याच भेटल्या. बांटू भाषांमागे आलेली मी एकटीच. मी कृतिका, वर्ध्याची. बर्नाबीच्या विद्यापीठात पाच वर्षं एकच उद्योग केला: आफ्रिकेतल्या या शेकडो भाषांमधले पाणी, हाड, विस्तव असले रोजचे शब्द जुळवायचे आणि हजारो वर्षांपूर्वी कोणती भाषा कुणापासून फुटली ते शोधायचं. दक्षिणेकडची एक छोटी भाषा सगळे शेजारच्या भाषेची सख्खी बहीण समजत. माझ्या मते ती फार आधीच वेगळी झाली होती. सगळा प्रबंध याच शोधावर उभा होता, आणि बुधवारी तोंडी परीक्षा होती.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "तुझं ते मधल्या वारी ना गं?" तिने विचारलं.

माझ्या आजोबांचं नाव बुधाजी. ते जाऊन वीस वर्षं झाली, तरी सासऱ्यांचं नाव तोंडी येऊ नये म्हणून आई बुधवार म्हणत नाही. लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी मात्र एकदम आठवलं. त्या छोट्या भाषेच्या शब्दांची माझी यादी ज्या सहा बायकांकडून आली होती, त्या एकाच घरच्या सुना होत्या.

तिकडच्या सुनाही सासऱ्याच्या नावाशी जुळणारे शब्द टाळतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पेपरात लिहून मार्कही घेतले होते. आता टिपणं उपसून सासऱ्याचं नाव शोधलं. शेजारच्या भाषेशी न जुळणारे एकोणीस शब्द होते. त्यांतल्या सतरांसाठी शेजारी जे शब्द वापरत, ते सगळे त्या नावासारखेच सुरू होत होते. म्हणजे सुनांनाही तेच शब्द येत होते. त्यांनी ते फक्त उच्चारले नव्हते, त्याऐवजी दुसरे सांगितले होते, आणि माझा शोध त्याच शब्दांवर उभा होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

क्लिफर्डसर माझे मार्गदर्शक, मूळ वसईचे. त्या बायकांचं रेकॉर्डिंग त्यांनीच केलेलं. सोमवारी त्यांना सगळं सांगितलं.  कॉफी ढवळत ते म्हणाले, बुधवारचा डिफेन्स होऊन जाऊ दे, पुढच्या पेपरमध्ये करेक्शन टाकू. मी नाही म्हटलं.

"तुझं स्टडी परमिट कधी एक्स्पायर होतंय?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

सप्टेंबरात. त्यांना ते माहीत होतं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. घरी येऊन ईमेल लिहिला, पुसला, मंगळवारी सकाळी पुन्हा लिहिला आणि सगळ्या परीक्षकांना पाठवला. तासाभरात उत्तर आलं: परीक्षा रद्द, शब्द नव्याने गोळा करावेत.

आईला फोन करून सांगितलं की परीक्षा होत नाही, कदाचित परत यावं लागेल. कारण सांगायला जीभ रेटेना.

"चूक कुणाची?"

"माझी."

"कबूल केलीस?"

"हो."

"मग ये घरी," ती म्हणाली. पाच वर्षांत तिने हे कधीच म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं मी तेच ऐकायला आसुसले होते, आणि आता मला तेवढंच नको होतं.