मास्तरांनी शिवलेली युद्धनौका

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे. कागदाची आहे. हे वाचून तुमच्यापैकी जो हसला, त्याचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे. माझ्याजवळ पाच तोफा आहेत आणि वेळ भरपूर आहे.

इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. फाटकी छत्री माफ करते, तीन पायांची खुर्ची माफ करते. मी कुणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर तुमची निराशा नको.

माझा जन्म एका चपट्या खोक्यात झाला. त्यात चौदा जाड कागद होते आणि त्यांवर माझे तीनशे बारा तुकडे छापलेले होते. जाड रेघेवर कापायचं, तुटक रेघेवर दुमडायचं, करड्या पट्टीवर डिंक लावायचा, की झाली युद्धनौका. खोक्यावर माझं चित्र होतं. सडपातळ अंग, टोकदार नाक, आठ तोफा आणि खाली उसळणारा समुद्र. लोक लग्नाआधीचा फोटो जपतात, तसं ते चित्र मी मनात जपून ठेवलं आहे.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. शाळेतले मास्तर नव्हेत, शर्ट-पँट शिवणारे. त्यांना बोटींची आवड नव्हती. पोहायलाही येत नव्हतं. त्यांनी मला घेतलं ते निव्वळ सुडापोटी.

त्याचं असं झालं. मास्तरांचा एक साडू आहे, म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा गृहस्थ कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा सहा इंची पट्टी ठेवतो. त्याच्या घरी काचेच्या कपाटात कागदाच्या अकरा बोटी आहेत. स्वतः केलेल्या, रेघेवर रेघ. दर रविवारी दोन्ही जोडपी त्याच्या घरी जेवायची. एका रविवारी मास्तरांनी कौतुकानं एका बोटीच्या डोलकाठीला हात लावला. डोलकाठी मोडली.

"अहो अहो अहो!" साडू ओरडला. "विजारीचे पायचे दुमडणारे हात हे. नाजूक काम आहे मास्तर, तुम्ही आपलं लांबून बघा."

"काहीही काय बोलताय!" त्याची बायको म्हणाली. पण बोलून झालं होतं.

मास्तर गोड न खाता पानावरून उठले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "तो माणूस माझ्या हाताला मानेल, त्या दिवशी त्या घराची पायरी चढेन. तोवर नाही."

"आणि मी?"

"तू जा की."

"एकटी जाऊ? हे कुठं आहेत विचारलं तर काय सांगू, डोलकाठीवर रुसलेत?"

ती गेली नाही. तीस वर्षांत एकही रविवार न चुकवलेल्या दोन बहिणी फोनवर बोलू लागल्या. पण समोरासमोर बसून गप्प राहण्यात जी मजा असते, ती फोनवर येत नाही. एक गप्प राहिली की दुसरी विचारते, "आवाज येतोय का?" तर एका काडीपायी दोन बहिणींचा रविवार बुडाला होता, आणि तो वर काढायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली होती. मी तेव्हा चौदा कागद होते.

मास्तरांनी दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर मला पसरलं, कात्री उचलली आणि पहिल्याच मिनिटाला माझं वाटोळं केलं.

मित्रांनो, कापड बेतताना शिंपी रेघेच्या बाहेर अर्धा-पाऊण इंच कापड जास्तीचं सोडतो. त्याला माया म्हणतात. उद्या गिऱ्हाईक जाड झालं, तर शिवण उसवून कपडा वाढवता येतो. मास्तरांची चाळीस वर्षांची सवय. कात्री रेघेवर चालेचना. ती अर्धा इंच बाहेरून, अगदी आत्मविश्वासानं चालली. कापडावर हे शोभतं. माझे तुकडे मात्र एकमेकांना खेटून छापलेले होते. डेकला माया सोडताना तीन तोफा मधोमध कापल्या गेल्या. नांगराला माया सोडताना धुराडं गेलं.

दुकानाच्या दाराशी काजबाई बसायच्या. काज करायचे आणि बटणं लावायची, हे त्यांचं काम. बोलायचं, हेही त्यांचंच काम.

"मास्तर, रेघ आत आहे."

"दिसतेय मला."

"मग बाहेरून का कापताय?"

"उद्या अंगानं भरली तर?"

काजबाईंनी दोरा दातानं तोडला. "कोण? बोट?"

"गिऱ्हाईक कुणी का असेना."

त्यानंतर डिंकाचा प्रश्न आला. मास्तरांनी बाटली उघडली, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. चिकटवलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मशीनला जाड सुई लावली आणि मला शिवायला घेतलं. होय, मी शिवलेली युद्धनौका आहे. जगातल्या कुठल्याही नौदलात माझ्यासारखी दुसरी असेल असं मला वाटत नाही, आणि याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे अजून ठरायचं आहे. टाका त्यांनी मायेच्या मधून घातला, म्हणजे थोडी सैल बसेल. त्यामुळे मी कमरेत सव्वा इंच जास्त निघाले. आतून मला अस्तर लावलं. माझ्या बावीस गोल खिडक्यांना काजबाईंनी हातानं काज केले. गेलेल्या धुराड्याच्या जागी दोऱ्याच्या रिळाचा पुठ्ठा बसवला. आणि डाव्या कुशीला एक खिसा दिला.

"युद्धनौकेला खिसा?" काजबाईंनी विचारलं.

"नाही दिला तर परत येतात विचारायला."

शेवटी इस्त्री झाली. तिच्याबद्दल मी बोलणार नाही. काही गोष्टी युद्धातल्या माणसानं युद्धातच ठेवाव्यात.

या सगळ्याला पाच महिने लागले. मास्तर शिंपी होते, हे विसरू नका. बायको रोज विचारायची, "झाली का?" आणि मास्तर सवयीनं म्हणायचे, "फक्त काज राहिलेत, मंगळवारी या." स्वतःच्या बायकोला. ती ताटं घ्यायची. रविवारी मात्र दोनच ताटं घेताना तिचा हात क्षणभर फडताळातच राहायचा. रात्री मास्तर मला घरी न्यायचे, म्हणून ते मी पाहिलं आहे. मला तेव्हा नुकत्याच खिडक्या आल्या होत्या.

पाच महिन्यांत मी एकच गोष्ट ऐकत वाढले: तो साडू. मशीन चालताना मास्तर पुटपुटायचे, "विजारीचे पायचे काय! दाखवतो." तीनशे बारा तुकड्यांत जितके टाके, तितक्या वेळा हे वाक्य माझ्यात शिवलं गेलं. तुम्हांला लहानपणी गोष्टी सांगतात. मला शत्रू सांगितला.

अखेर एका रविवारी मास्तरांच्या बायकोनं दोघांना दुकानातच बोलावलं. "माझे हे तुमच्याकडं येत नाहीत," तिनं बहिणीला फोनवर सांगितलं, "पण दुकान काही कुणाचं घर नाही. ये भावोजींना घेऊन. दुकानाला पायरीसुद्धा नाही."

ते आले. दोघी बहिणी शिलाईच्या स्टुलांवर शेजारी बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. पोटभर बोलल्या नाहीत. साडूच्या हातात चहाचा कप होता. मास्तर टेबलामागे हाताची घडी घालून उभे होते. मी पाचही तोफा साडूच्या तिसऱ्या बटणावर रोखल्या.

त्यानं पट्टी काढली. मला मोजलं. "कमरेत सव्वा इंच जास्त. तोफा पाच, तीन कमी. धुराड्यावर रिळाच्या कंपनीचं नाव." त्यानं मान तिरकी केली. "मास्तर, ही युद्धावर निघालीय की जेवून उठलीय?"

"अहो," त्याची बायको म्हणाली.

"नाही, विचारतोय. खिसा आहे म्हणून म्हटलं, सुपारी-बिपारी लागत असेल."

आणि हे बोलता बोलता त्यानं हातातला गरम चहाचा कप माझ्या डेकवर ठेवला.

मित्रांनो, तो क्षण मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. तो डाग आजही माझ्या डेकवर आहे, गोल, अगदी मधोमध. पण मी वाकले नाही. दुहेरी कागद, अस्तर, मशीनची शिवण. भरलेला कप माझ्यावर स्थिर उभा राहिला. साडूच्या घरच्या अकरा बोटींपैकी एकीलाही रिकाम्या बशीचं ओझं झेपलं नसतं, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. त्यानं कप उचलला, परत ठेवला. मग वाकून माझ्या खिडकीतून आत डोकावला.

आतली शिवण त्यानं निरखून पाहिली. मग त्यानं माझ्या शिवणीला पट्टी लावली. नाकापासून शेपटापर्यंत. पट्टी आणि टाके यांच्यामध्ये उजेडसुद्धा शिरेना.

"ही रेघ कशानं मारली?"

"रेघ नाही. टाका आहे."

"तेच. पट्टी कुठली लावली?"

"पट्टी कशाला लागते?"

साडू खाली बसला. जन्मभर पट्टीशिवाय एक रेघ न मारलेला माणूस तो. त्यानं पट्टी खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा ठेवली. मला वाटलं, आता येणार. आता हात जोडणार. मास्तरही एक पाऊल पुढे झाले. मी श्वास रोखला. खिडक्यांना काज असल्यामुळे ते अवघड गेलं.

"माझी ही पँट," साडू हळूच म्हणाला, "मागून फार घट्ट होते. सहा वर्षं झाली. तुमच्याकडं आणायला तोंड नव्हतं. इतकं बोलून बसतो मी. चौकातल्याकडं शिवली."

"वळा," मास्तर म्हणाले.

साडू उठून वळला. मास्तरांनी त्याच्या पँटची मागची शिवण दोन बोटांत धरली, उलटून पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की पाच महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता.

"माया सोडलीच नाही हो यानं! एक दोरासुद्धा नाही. वाढवायची कुठून? हा शिंपी आहे की दरोडेखोर?"

"म्हणजे काही होणार नाही?"

"होईल. मी करतो. उद्या आणा. नाही, उद्या नको, मंगळवारी या." मग जरा थांबून मास्तर म्हणाले, "त्या दिवशी काडी मोडली, ती माझ्या हातून. चूक झाली."

"काडीचं काय घेऊन बसलात. हात पाहिला मी आज." साडूनं टेबलावर, माझ्याशेजारी, हात ठेवला. "असा हात नाही माझा."

स्टुलावरून एक हुंदका आणि एक हसू एकदम आलं. कुठल्या बहिणीचं काय, ते कळलं नाही. काजबाई म्हणाल्या, "चला, आता रविवारी तरी दुकान बंद राहील."

आणि संपलं. तह झाला. चौघं निघून गेले, आपापसांत बोलत, चौकातल्या त्या शिंप्याला शिव्या देत. सुडाची जागा लगेच भरली, फक्त शत्रू बदलला. मी टेबलावर होते. चहाचा कप माझ्या डेकवरच होता. पाचही तोफा भरलेल्या होत्या. आदेश आला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. मला मास्तरांच्या घरी कपाटावर ठेवलं. पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवायचे. दुसऱ्या महिन्यात पाहुण्यांनी विचारलं तर दाखवायचे. मग पाहुणे विचारेनासे झाले. आता साडू दर रविवारी साडेदहाला इथंच येतो. दोघं मिळून कागदाचं दीपगृह करतायत. साडू रेघा मारतो, मास्तर माया सोडतात, दोघं भांडतात आणि दीपगृह दिवसेंदिवस जाड होत चाललं आहे.

मी स्वस्थ बसले, असं समजू नका. एकदा माझ्या अस्तरात राहिलेली टाचणी साडूच्या अंगठ्यात घुसली. तो अपघात नव्हता. एकदा पंख्याच्या वाऱ्यावर मी कपाटावरून थेट त्याच्या टकलावर झेप घेतली, सर्व शक्तीनिशी. तो डोकं खाजवत म्हणाला, "माशी होती वाटतं." मास्तरांनी मला उचलून परत वर ठेवलं. बघितलंसुद्धा नाही. ज्या माणसाचा राग मी पाच महिने अंगावर वागवला, त्याला तो आता आठवतही नाही. मित्रांनो, धूळ सहन होते, झुरळं सहन होतात. पण शत्रूला बशी पुढे करून "अजून घ्या ना" म्हणणारा आपला सेनापती वरून बघावा लागतो, ते सहन होत नाही.

तर तुम्ही मुलं आहात, अजून तुमच्या हातून पुष्कळ गोष्टी बनायच्या आहेत. रागाच्या भरात बनवायच्या असतील तर जरूर बनवा. रागात हात सरळ चालतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण पुढे भांडण मिटलं, तर त्या वस्तूला सांगायला विसरू नका. फार काही लागत नाही. स्टूल घ्या, वर चढा, धूळ पुसा आणि सांगा, "बाई गं, मिटलं आमचं. तू आता नुसती बोट हो."

मला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे माझ्या बाजूनं युद्ध चालू आहे. आज रविवार आहे आणि सव्वादहा वाजले आहेत.